विहिरीच्या तळाचा फोटो

५ जानेवारी १९६४, रविवार

बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याने आमच्या शेतकी ऑफिसात सगळ्यांना डायऱ्या वाटल्या, त्यातली ही एक. दुधाचा हिशेब लिहायला बायकोने, ललिताने, मागितली होती. पण आज गावाहून अकोल्याला परतलो तो डोक्यात किडा घेऊन, आणि तो कुठेतरी उतरवला नाही तर झोप यायची नाही.

जेवताना मायने विचारलं, "गोवर्धन, तुया फोटूचं यंत्र पान्यात चालते का रे?"

"पान्यात गेलं की मेलंच समज. काहून?"

"इहिरीतलं पाह्यचं होतं."

कोणती विहीर, हे विचारायची गरज नव्हती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीने घरोघरचे देव नेऊन टेकडीखालच्या पडीक मोटेच्या विहिरीत टाकले. आधी नदीत टाकायचं ठरत होतं, पण वस्तीचे पुढारी नत्थुजी म्हणाले, नदीतले उन्हाळ्यात वाळूत सापडतील, पोरं खेळायला घरी आणतील आणि आठ दिवसांत कोनाड्यात परत देव बसतील. ही विहीर कधी आटत नाही. लोकांनी काठावरून देव भिरकावले. मायने मात्र आमचे टाक, देव ठसवलेले ते रुपयाएवढे चांदीचे पातळ पत्रे, पितळी गडूत घातले, गडूला दोर बांधला आणि दोन्ही हातांनी सावकाश खाली सोडला. मग दोर सोडून दिला. तेव्हा मी हसलो होतो. देव गेले तरी चालतील, गडूला पोचा पडता कामा नये!

"कोनता पाह्यचा हाय?" मी विचारलं.

"घोड्यावरचा."

म्हणजे खंडोबा. सात वर्षं झाली, माय दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून वंदनेला बसते, आणि मनात अजून खंडोबा घोडा नाचवतो आहे. मी घास तसाच ठेवून उठलो. ती म्हणाली, "वर काहाड नाही म्हनत मी. जबान देली हाय. फोटू काहाड म्हनते."

मी वस्तीतल्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी आहे. एकोणसाठ साली वस्तीतल्या एकीने पोर आजारी पडलं म्हणून गळ टाकून आपली मरीआई वर काढली होती. त्यावरून वस्तीत काठ्या निघाल्या. मग ठराव झाला: विहिरीत गेलेली वस्तू कोणी वर काढू नये, काढल्यास त्या घराशी मंडळाचा संबंध राहणार नाही. ठराव माझ्या अक्षरात आहे. त्या बाईच्या घरी अजून कोणी चहा पीत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज गावी गेलो नाही. ठरावाची भाषा मनात घोळवून पाहिली. "वर काढणे" आणि "फोटो काढणे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माय म्हातारी आहे, तिच्या मनाचं समाधान होऊन हा विषय मिटत असेल तर मंडळाचंही नुकसान नाही. शिवाय पाण्याखालचा फोटो अकोला-अमरावतीत कोणी काढलेला माझ्या ऐकिवात नाही. हे शेवटचं कारण मी स्वतःपासून लपवत नाही.

खात्यासाठी मी पिकांचे फोटो काढतो तो ऑफिसचा कॅमेरा दोन डोळ्यांचा आहे, ज्वारीच्या कणसांसाठी उत्तम. पण तो सरकारी. विहिरीत बुडाला तर माझी नोकरीही त्याच्या शेजारी जाऊन बसेल. वाचनालयात एक जुनं विलायती मासिक सापडलं. त्यात माणसं पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रात उतरतात आणि हातातला कॅमेरा धातूच्या पेटीत असतो. अकोल्यात नळकांडी फक्त वेल्डिंगवाल्याकडे असतात. मला आपला छातीत मावेल तेवढा श्वास पुरवायचा आहे. म्हणजे कॅमेरा लहान हवा, एका हातात धरता येईल असा, आणि जवळचं टिपणारा.

ललिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मायच्या डोयाकडं पाह्यलं का तुमी?"

मी म्हटलं, "वय झालं तिचं."

"दिवाळीत माह्या हातातली वात चाचपून मंग दिवा ठेवला त्यायनं."

बायकांना दुसऱ्याच्या घरात काहीतरी बिघडलेलं दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

१९ जानेवारी, रविवार

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो. शेषराव माझा कॉलेजातला दोस्त. घरची काळी जमीन भाऊ वाहतो आणि हा घड्याळं, कॅमेरे उघडून बसतो. विकतोही.

"पान्यात?" तो म्हणाला. "कशाचा फोटो?"

"विहिरीच्या झऱ्याचा. खात्याचं काम हाय."

"खात्याले येड लागलं का?"

एवढं बोलून त्याने तीन कॅमेरे पुढ्यात मांडले. पहिला पेटीचा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पण नऊ फुटांच्या आतलं सगळं धुरकट, आणि विहिरीत नऊ फुटांवर काय दिसणार! दुसरा घडीचा. मिटला की खिशात बसतो, उघडला की चामड्याचा भाता बाहेर येतो. निगेटिव्ह मोठी, भिंग झकास. तिसरा मुठीएवढा, जर्मन, कोणाच्या तरी हातून उतरलेला. सिनेमाच्या फिल्मवर चालतो, निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाएवढी, पण तीन फुटांवरचं नेमकं घेतो आणि एका अंगठ्याने फिल्म सरकते.

शेषरावने मुठीएवढा पुढे केला. मी घडीचा उचलला. मोठ्या निगेटिव्हमधून खंडोबाच्या मिशासुद्धा दिसतील, असं मनात आलं. मग त्या मिशा मला कशाला हव्यात, असंही आलं.

"पाय बावा," शेषराव म्हणाला, "सोयरीक करतानी उंची पाहून भुलू नोको. घरात मावते का ते पाय."

तरीही घडीचाच आणला. पटला नाही तर बदलून देईन म्हणाला.

२ फेब्रुवारी, रविवार

शेषराव खरा ठरला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा आणला. एका तोंडाला जाड काच बसवून तार आवळली. दुसऱ्या तोंडातून कॅमेरा आत सारायचा, तोंड दुमडून दोन लाकडी पट्ट्यांत स्क्रूने दाबायचं आणि रबरावरून बोटांनी कळ दाबायची. कल्पना पंक्चरवाल्याची आणि माझी, निम्मी निम्मी. पण उघडलेला घडीचा कॅमेरा आत शिरेना. शिरवला तर रबर भात्याला चेपतं, आणि कळ कुठल्या बाजूला गेली ते बोटांना कळत नाही. न्हाणीतल्या घंगाळात बुडवला तर पट्टीतून बुडबुडे. नशीब, आत कॅमेऱ्याऐवजी साबणाची वडी ठेवली होती.

ललिता दारात उभी राहून म्हणाली, "साबन तरी बरा आला का फोटोत?"

१६ फेब्रुवारी, रविवार

घडीचा परत केला, मुठीएवढा आणला. शेषरावने काही टोमणा मारला नाही, त्याचं मला जास्त लागलं. अमरावतीच्या तलावावर पोहणाऱ्यांकडचा एक रबरी चष्माही त्याने मिळवून दिला.

हा कॅमेरा ट्यूबमध्ये असा बसला की जणू ट्यूब त्याच्यासाठीच ओतली होती. रबरावरून प्रत्येक कळ हाताला लागते. डोळे मिटून फिल्म सरकवली, अंतर लावलं, कळ दाबली. घंगाळात बराच वेळ ठेवला, आत थेंब नाही. इतका आनंद मला पगारवाढीचा झाला नव्हता.

२३ फेब्रुवारी, रविवार

गावी गेलो. आधी फिल्म नीट बसली का पाहायला मायला अंगणात उभं केलं. ती कॅमेऱ्याकडे न पाहता माझ्या आवाजाकडे पाहत होती. "इकडं, इकडं पाय," असं दोनदा सांगावं लागलं. फोटोची सवय नाही तिला.

"खुशालचा राहून गेला," ती म्हणाली. "तवा फोटूवाला कोठचा आला."

खुशाल माझा थोरला भाऊ. सतरा वर्षांचा, लग्न व्हायचं होतं, वखर धरताना साप चावला. मी चार वर्षांचा होतो. त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याच्या खांद्यावर बसल्यावर खाली दिसणारा डोक्यावरचा भोवरा तेवढा आठवतो. मायला विषय लांबवू दिला नाही, ऊन पुढे सरकत होतं.

विहिरीवर डोक्यावर ऊन आलं की पाण्यात तिरपा कवडसा जातो. दोन पुरुष खोलीवर खडकाची एक पायरी सुटली आहे. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून आम्ही इथेच पोहायला शिकलो, विहीर चालू होती तेव्हा. दोराला बांधलेला दगड धरून खाली गेलो. पायरी दिसली आणि तिच्यावर सगळी वस्ती होती. पितळी, तांब्याचे, दगडाचे, शेंदूर सुटलेले, एकमेकांवर पडलेले. आणि कडेला, एकटाच, सरळ उभा, आमचा गडू.

मी कॅमेरा रोखायच्या आतच हातातली ट्यूब आवळत गेली आणि कट्ट वाजलं. पाण्याच्या दाबाने रबराने स्वतःच कळ दाबली होती. अंगठ्याने फिल्म सरकवावी तो पुन्हा कट्ट. विहीर स्वतःचे फोटो स्वतःच काढत होती. मग कळीभोवती पत्र्याचं कडं बसवायचं ठरवून वर आलो.

नत्थुजी संध्याकाळी घरी आले. दीक्षेच्या वेळी सगळ्या वस्तीला त्यांनीच उभं केलं, त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही. म्हणाले, "औंदा जयंतीले तूच बोलायचं. देव कसे टाकले ते सांग. नव्या पोरायले मालूम नाही." मी हो म्हटलं. माय चुलीपाशी होती. तिने भाकरी तव्याच्या काठाला लावून सरकवत सरकवत मध्ये नेली.

८ मार्च, रविवार

कड्याने काम केलं. पण गडूचं तोंड वर. टाक आत. गडू आडवा केल्याशिवाय खंडोबा दिसणार कसा? काठावर बसून विचार केला. ठरावात "वर काढू नये" आहे, "आडवे करू नये" असं नाही. वकील झालो असतो तर बरं पोट भरलं असतं. खाली जाऊन गडू कलंडवला. चार-पाच टाक घरंगळले, काळे पडलेले. बांबूच्या काठीने अंतर नीट मोजलं, चार फूट, कॅमेऱ्यावर चार फूट लावलं आणि आठ फोटो घेतले.

१० मार्च, मंगळवार

सगळे धुरकट. ओल्या खडूने पुसलेल्या पाटीसारखे.

१३ मार्च, शुक्रवार

बोंडअळीचे फोटो द्यायला खात्याने अमरावतीला पाठवलं, तसा शेषरावकडे गेलो. निगेटिव्ह पाहून म्हणाला, "खाली डोयाले किती दूर दिसलं?"

"तीन फूट. पण काठीनं मोजलं, चार भरलं."

"मंग कॅमेऱ्याले काठीचं कावून सांगतं? तो काय काठीनं पाह्यते? तुया डोयाले जे दिसते तेच त्याले दिसते. तीन लाव."

पाण्यात सगळं जवळ दिसतं हे शाळेत शिकलो होतो. शिकलेलं मोजण्यात वाया घालवलं. शेषरावने निगेटिव्ह पुन्हा उजेडात धरली. "झरा मोठा नवलाचा हाय रे. घोड्यावर बसला दिसते." मी मान खाली घातली. त्याने चहा मागवला.

२२ मार्च, रविवार

तीन फूट. बारा फोटो. शेवटच्या खेपेला छाती फुटायची वेळ आली, पण हात हलू दिला नाही.

वर आलो तो नत्थुजी काठावर. "काय करून राहिला रे?"

"पोहून राहिलो."

"थैलीत काय हाय?"

"कॅमेरा."

त्यांनी विहिरीत पाहिलं, मग माझ्याकडे. काठी आपटत निघून गेले. 

२८ मार्च, शनिवार

आला! काल रात्रीपर्यंत विश्वास नव्हता. आज मोठा कागद लावून प्रिंट काढली. खडकाची पायरी, तिरपं ऊन, कलंडलेला गडू, आणि त्याच्या तोंडाशी एक टाक असा पडलेला की घोड्याचा उचललेला पाय, स्वाराची तलवार, सगळं मोजून घ्यावं. मागे सगळ्या वस्तीचे देव पसरलेले. खात्यात एवढा स्वच्छ फोटो मी ज्वारीचासुद्धा काढलेला नाही. ललिता बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "उद्या मी बी येते गावाले."

२९ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

मायने हात पदराला पुसून फोटो घेतला. डोळ्यांपाशी नेला, दूर धरला. उंबऱ्यात उजेडाला गेली. मग खाली बसली, मांडीवर फोटो ठेवला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवू लागली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा पुन्हा, डाळीतला खडा शोधावा तसा.

"गुयगुयीत हाय," ती म्हणाली.

"कागद हाय तो, माय."

"याच्यात खुशाल कोठी हाय?"

मी म्हटलं, "खुशाल? तू घोड्यावरचा म्हनली होती ना? खंडोबा?"

"खंडोबा कायले पाहू मी? त्याले टाकलं ते टाकलं." तिचा अंगठा थांबला नव्हता. "खुशालचा टाक नोयता का बसवला आपुन? वीर म्हनून? तो बी घोड्यावरच राह्यते. लहान हाय, खंडोबापरीस."

बिनलग्नाचा पोरगा गेला की त्याचा टाक करून देवात बसवायचे. हे मला माहीत होतं. वस्तीतल्या घराघरात असे टाक होते. आपल्याही घरात होता, हे मी कधी मनात आणलं नाही. त्या दिवशी मायने दोर दोन्ही हातांनी का सोडला, हे मला आज समजलं, आणि माझी मला लाज वाटली.

ललिता हळूच म्हणाली, "त्यायले दिसत नाही. मी कवाची सांगून राहिली."

"दिसते थोडं," माय म्हणाली. "उजेड दिसते. मानूस हाय का म्हैस हाय एवढं समजते. म्हटलं, आंधयी व्हाच्या आंदी एकडाव पाहून घ्यावं. टैम झाला वाटते." आणि फोटो मला परत देत म्हणाली, "चांगला काहाडला असशील तू. मेहनतीचा हाय."

तीन महिने मी कॅमेरा निवडत होतो.

१ एप्रिल, बुधवार

ऑफिसात लक्ष नाही. फोटोत दोन घोडेस्वार आहेत, एक मोठा, एक लहान. मी ज्याचे फोटो काढले तो मोठा. लहान अर्धा गडूत आहे.

टाक वर काढला आणि कोणी पाहिलं, तर मंडळ माझ्या घरी पाणी पिणार नाही. ते मी सोशीन. पण जयंतीला मी बोलणार म्हणून पत्रकं वाटली गेली आहेत. ज्याच्या हाताने ठराव लिहिला त्याच्याच घरात टाक सापडला, तर पलीकडच्या गल्लीतले, दीक्षेवर हसणारे लोक टाळ्या पिटतील. म्हणतील, पाहा, सात वर्षांत परत फिरले. नत्थुजींनी मार खाऊन उभं केलेलं माझ्यामुळे पडेल. आणि नाही काढला तर मायच्या अंगठ्याखाली तो गुळगुळीत कागद.

ललिताला विचारलं. ती म्हणाली, "ठराव देवाचा हाय का पोराचा?"

५ एप्रिल, रविवार

कॅमेरा घरी ठेवला. दुपारी विहिरीत उतरलो. फक्त दगड धरून. लहान घोडेस्वार गडूत बोटाला लागला. मुठीत आवळून वर आलो, धावेवर, म्हणजे मोटेच्या बैलांच्या उतारावर, चढलो आणि नत्थुजी समोर. या वेळी ते वाट पाहतच होते. माझी मूठ त्यांनी पाहिली. उघड म्हणाले नाहीत.

"सकाई इथं ये," एवढंच बोलले.

घरी मायच्या हातावर टाक ठेवला. ओला, काळा, अंगठ्याच्या नखाएवढा घोडा. तिने पदराने पुसला आणि अंगठा टेकवला. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. अंगठा घोड्याच्या डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर गेला आणि तिथे थांबला.

"हे पाह्य," ती म्हणाली. "इथं बोट लाव."

मी लावलं. पत्र्याला एक बारीक खळगा होता.

"हा तुया दात. सोनारानं टाक आनून देला तवा तू माह्या मांडीवर होता. हातातून हिसकला अन् चावला. तुया बापानं तुले झापड मारली. म्या म्हटलं, राहू द्या, भावाभावाचं हाय."

मला रडू आलं. पस्तिसाव्या वर्षी, मायसमोर, बायकोसमोर, मोठ्याने. खुशालचा चेहरा मला आठवत नाही, पण मी त्याला चावलो होतो. माय माझ्याकडे लक्ष न देता अंगठा फिरवत होती, घोड्याच्या डोक्यापासून माझ्या दातापर्यंत, आणि परत. दिवा लागेपर्यंत ती तशीच बसली होती. मग टाक माझ्या हातात दिला.

"ठेवून ये."

"राहू दे, माय. कोनी विचारलं तर मी पाहून घेईन."

"नाही. जबान देली हाय म्या. तुया ठरावाले नाही, बाबासाहेबाले देली. तुले साळंत कोन घालनार होतं?" आणि मग, "पाह्यलं म्या त्याले. झालं. सकाई नेऊन ठेव."

६ एप्रिल, सोमवार

आज रजा टाकली. उजाडता उजाडता विहिरीवर गेलो. नत्थुजी धावेवर बसलेले. मी मूठ उघडून टाक दाखवला, मायचं सगळं सांगितलं आणि त्यांच्यादेखत पाण्यात उतरलो. वर आलो तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"फोटू काहाडला म्हन्ते. दाखव."

पिशवीतून प्रिंट काढून दिली. त्यांनी ती उन्हात धरली आणि फार वेळ पाहिली. "माही सखू हाय याच्यात. माही पह्यली बायको. बायंतपनात गेली ती. दुसरीच्या गयात, सवतीचा म्हनून, तिचा टाक होता." त्यांचं बोट मागच्या पसाऱ्यावरून फिरलं. "कोनती ते नाही समजत. पन हाय इथंच."

मी ओले कपडे पिळत राहिलो.

"ठरावात फोटूचं काही लिवलं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग मले एक देजो." उठता उठता म्हणाले, "अन् त्या मरीआईवालीच्या घरी आज च्या घेऊ. तू बी चाल. तिचं पोरगं मरून राहिलं होतं तवा, अन् आपुन काठ्या घेऊन उभे." आम्ही गेलो. बाई आधी दाराआड झाली. चहात साखर फार होती.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती चांगली झाली. देव कसे टाकले ते सांगितलं. कोणी कसे भिरकावले आणि कोणी कसे सोडले तेही सांगितलं. बायका पुढे बसल्या होत्या, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या आणखी पुढे सरकल्या. नंतर चार-पाच जणी फोटो मागायला आल्या. त्यांना शेषरावकडच्या कागदावर काढून देईन. कॅमेरा परत करणार नाही म्हणून त्याला कळवलं.

ललिताने मायला अकोल्याला आणायचं ठरवलं आहे. परवा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं. मोतीबिंदू असेल तर निघेल म्हणतात, दुसरं काही असेल तर नाही. फोटो मायने आपल्या पेटीत लुगड्यांखाली ठेवला आहे. डोळे आले तर पाहीन म्हणाली.

सभा उठल्यावर तिला हात धरून घरी नेत होतो. वाटेत थांबली.

"गडू आडवा नाही ना सोडला रे तू? उभा ठेवला ना?"

"उभा ठेवला, माय."

खरं म्हणजे टाक परत ठेवला त्या सकाळी पहिल्यांदा कलंडलाच होता. काठावर नत्थुजी होते, थंडीने दात वाजत होते, तरी दगड धरून पुन्हा खाली गेलो आणि नीट उभा करून आलो.